पोफळीच्या आगरातील मोरचूद : धातूंच्या सूक्ष्मजीवरोधक संयुगांच्या कसोटीचा इतिहास

प्रस्तावना

गणपतीपुळे आणि त्याच्या आसपासच्या किनारपट्टीत नारळ-पोफळीची आगरे पिढ्यान् पिढ्या जोपासली गेली आहेत. येथे वर्षाला सरासरी ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. या दमट हवेत फायटोप्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे पोफळीला कोळे रोग जडतो आणि कोवळी सुपारी कुजून गळते. पावसाळ्यापूर्वी घोसांवर मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारणे हा त्यावरील रूढ उपाय होय. दुसरीकडे, महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांत शिफ बेसपासून तांबे, निकेल, कोबाल्ट, जस्त यांची जटिल संयुगे बनवून त्यांची सूक्ष्मजीवरोधक शक्ती तपासली जाते. या दोहोंचा इतिहास एकत्र वाचला असता असे दिसते की, संयुग तयार करण्यापेक्षा त्याची योग्य कसोटी घेणे अधिक कठीण ठरले आहे. प्रस्तुत लेखाचा हाच विषय आहे.

बोर्डो मिश्रण : बागेतील कसोटी

फ्रान्समधील मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागाईतदार रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. या वेली केवडा रोगापासून बचावल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डे यांनी १८८२ मध्ये हेरले. रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या साह्याने प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी ही कृती प्रसिद्ध केली. भारतात म्हैसूर संस्थानच्या शेती खात्यातील लेस्ली कोलमन यांनी पोफळीच्या कोळे रोगाचा अभ्यास करून १९१० मध्ये आपला प्रबंध प्रकाशित केला. मलनाडातही कोकणासारखाच धुवाधार पाऊस पडत असल्याने औषध घोसावर टिकणे हीच तेथील खरी अडचण होती. त्यासाठी मिश्रणात राळ व सोडा यांचे चिकट द्रावण घालण्याची पद्धत रूढ झाली.

या मिश्रणात तांबे बहुतांशी अविद्राव्य रूपात असते. मग ते पेशीत पोहोचते कसे? बुरशीच्या बीजाणूंतून मॅलिक आम्ल व अमिनो आम्ले स्रवतात आणि तांब्याशी संयोग पावून विद्राव्य जटिल संयुगे बनवितात, असे मॅक्कॅलन व विल्कॉक्सन यांनी १९३६ मध्ये दाखविले. म्हणजे येथे लिगँड बुरशी स्वतःच पुरविते. मिश्रण नीट झाले की नाही हे पाहण्यासाठी बागायतदार त्यात लोखंडी विळ्याचे पाते बुडवितो. पात्यावर तांबूस थर आला तर मुक्त तांबे शिल्लक आहे असे समजून चुना वाढवितो. ही साधी रासायनिक परीक्षाच आहे.

काचपात्रातील यश आणि त्याच्या मर्यादा

सोन्याचा इतिहास याहून वेगळा आहे. सोन्याचे सायनाइड क्षयजंतूंची वाढ थांबविते, असे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये सांगितले. परंतु प्राण्यांच्या शरीरात तो गुण दिसला नाही. तरीही १९२४ पासून सॅनोक्रायसिन हे सोन्याचे थायोसल्फेट संयुग क्षयरोग्यांना दिले जाऊ लागले. अमेरिकेत डेट्रॉइट येथे २४ रोग्यांचे दोन गट करून, नाणेफेकीने उपचार ठरवून, त्याची चाचणी घेण्यात आली. दुसऱ्या गटाला केवळ ऊर्ध्वपातित पाणी टोचले गेले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत लाभ आढळला नाही, विषारी परिणाम मात्र आढळले.

याउलट एड्रियन अल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांचे १९५३ चे संशोधन काटेकोर चाचणीचा नमुना ठरावे. लोहविरहित पाण्यात ऑक्सिन स्टॅफिलोकॉकस जंतूंना मारीत नाही. लोह व ऑक्सिन एकत्र आल्यावरच जंतू मरतात, हे त्यांनी प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासून सिद्ध केले.

आजच्या प्रयोगशाळेसाठी बोध

१९६६ मध्ये बाउअर, कर्बी व सहकाऱ्यांनी प्रमाणित केलेली चकती-पद्धत आपल्याकडे सर्रास वापरली जाते. परंतु प्रतिबंध-वलयाचा व्यास संयुग अगारमध्ये किती पसरते यावरही अवलंबून असतो. म्हणून निरनिराळ्या संयुगांची तुलना केवळ व्यासावरून करणे धोक्याचे असते. किमान प्रतिबंधक संहती काढणे आवश्यक ठरते. मोकळा लिगँड, धातूचा साधा क्षार आणि द्रावक यांच्या चाचण्या सोबत हव्यात. डायमिथिल सल्फॉक्साइड स्वतः धातूशी बंध जोडू शकत असल्याने द्रावणात मूळ संयुग टिकते का, हेही पाहावयास हवे.

असे परिश्रम व्यर्थ जाणार नाहीत. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या उपक्रमात तपासलेल्या ९०६ धातुयुक्त संयुगांपैकी ८८ संयुगे सूक्ष्मजीवांविरुद्ध प्रभावी असूनही सस्तन पेशींना अपायकारक आढळली नाहीत, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. यशाचे हे प्रमाण सुमारे १० टक्के भरते. केवळ सेंद्रिय संयुगांत ते ०.८७ टक्के होते.

समारोप

बोर्डो मिश्रणही निर्दोष नाही. तांबे जमिनीत साठत जाते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅम ही मर्यादा घातली. कमी तांब्यात तेवढेच काम करणारे संयुग मिळाल्यास कोकणातील बागायतदारालाही ते हवे आहे. किनाऱ्यावरील महाविद्यालयांनी आपल्या नव्या ताम्रसंयुगांची चाचणी नेहमीच्या चार-दोन जंतूंबरोबरच कोळे रोगाच्या फायटोप्थोरावर घ्यावी, तुलनेसाठी बोर्डो मिश्रण ठेवावे आणि एक पावसाळा ती आगरात पारखावीत. रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांनी मिळून करावयाचे हे काम आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने बव्हंशी आपल्यापाशी आहेत.