आंधळ्या माशांचं गोत्र

प्राण्याच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा, आणि दुसरा जातीचा. नाव ठेवताना नात्यागोत्याचा विचार व्हावा, अशी अपेक्षा त्या पहिल्या शब्दातच असते. भूगर्भातल्या गोड्या पाण्यातल्या माशांच्या बाबतीत मात्र नाव ठेवणाऱ्यांची नजर फार काळ एकाच गोष्टीवर खिळून राहिली: यांना डोळे नाहीत. १८४२ मध्ये जेम्स डीके यांनी केंटकीतल्या मॅमथ केव्हमधल्या पांढुरक्या माशाला ‘अँब्लिऑप्सिस स्पेलिया’ म्हटलं. १८५९ मध्ये चार्ल्स जिरार यांनी ‘टिफ्लिक्थिस सबटेरेनियस’ हे नाव दिलं. दोन्ही प्रजातींची नावं अधू दृष्टीवरूनच आली. त्याच १८५९ साली डार्विनने गुहेतल्या प्राण्यांचे डोळे निव्वळ न वापरल्यामुळे गेले, असं मत मांडलं. म्हणजे आंधळेपणा ही जगण्यातून ओढवलेली अवस्था आहे, हे तेव्हाच सुचवलं गेलं होतं. तरी पुढची शंभर वर्षं वर्गीकरणात ती कुळाची खूण म्हणून वावरली आणि तिनं दोन्हीकडून घोळ घातला. कुठे एकाच माशाची अनेक नावं झाली, तर कुठे अनेक मासे एका नावाखाली दडून राहिले.

पहिल्या प्रकारचा घोळ मेक्सिकोत झाला. १९३६ मध्ये कार्ल हब्ज आणि विल्यम इनिस यांनी सान लुईस पोतोसी राज्यातल्या ला कुएवा चिका या गुहेतल्या माशासाठी ‘अनॉप्टिक्थिस’ ही नवी प्रजातीच उभी केली आणि त्याला ‘जॉर्डनी’ म्हटलं. हाच मासा पुढे ‘ब्लाइंड केव्ह टेट्रा’ या नावानं जगभरच्या फिशटँकमध्ये पोचला. १९४० मध्ये चार्ल्स ब्रेडर यांच्या पुढाकारानं त्या गुहेची पाहणी झाली, तेव्हा एकाच पाण्यात पूर्ण आंधळे, अर्धवट डोळ्यांचे आणि धड डोळ्यांचे असे सगळेच मासे सापडले. बाहेरच्या नदीतला डोळस टेट्रा आत येऊन त्यांच्यात मिसळत होता. त्या टेट्राला १८५३ पासून ‘मेक्सिकॅनस’ हे नाव होतंच. एवढा पुरावा हाती असताना १९४६ आणि १९४७ मध्ये होसे अल्वारेस यांनी आणखी दोन गुहांतल्या माशांना ‘अँट्रोबियस’ आणि ‘हब्जी’ अशा स्वतंत्र जाती ठरवलं! पुढे प्रयोगशाळेत संकर करून पाहिले, तर आंधळ्या आणि डोळस माशांची संतती सुखेनैव वाढली, तिलाही पिल्लं झाली. ‘अनॉप्टिक्थिस’ प्रजाती मोडीत निघाली. आज बहुतेक संशोधक या सगळ्यांना ‘अस्टिअनॅक्स मेक्सिकॅनस’ ही एकच जात मानतात, ‘जॉर्डनी’ वेगळी धरणारे थोडे आहेत.

डोळा जातो कसा, हेही याच माशात जवळून पाहता येतं. आंधळ्या माशाच्या भ्रूणात डोळा तयार व्हायला लागतो, मग त्याच्या भिंगातल्या पेशी मरतात आणि डोळा खुरटून कातडीखाली बुजतो. २००० मध्ये योशियुकी यामामोटो आणि विल्यम जेफरी यांनी डोळस माशाच्या भ्रूणातलं भिंग आंधळ्याच्या भ्रूणात बसवलं, तर त्याला चांगला मोठा डोळा आला. त्याहून बोलका पुरावा २००८ मध्ये रिचर्ड बोरोव्स्की यांनी दिला. दोन वेगवेगळ्या गुहांतल्या आंधळ्या माशांचा संकर केला, तर काही पिल्लं डोळस निपजली. कारण एका गुहेत जी जनुकं बिघडली होती ती दुसरीत शाबूत होती. आईबाप दोघेही आंधळे आणि पोर डोळस, हे घडतं याचाच अर्थ या दोघांचं अंधत्व सामायिक पूर्वजाकडून आलेलं नाही. अशी खूण कुळाला आधार कशी देणार?

यावर आक्षेप असा की, वेगळं नाव काढून घेतलं तर संरक्षणाचं काय? संकटग्रस्त प्राण्यांच्या याद्या नावांवर चालतात हे खरंच. पण प्रत्येक गुहेतली वस्ती स्वतंत्रपणे जपण्याजोगी आहे, हे बोरोव्स्कींच्या प्रयोगातूनच दिसतं. सर्व आंधळ्यांना मिळून एक ‘जॉर्डनी’ म्हटलं, तर तेच झाकलं जातं.

उलट प्रकारचा घोळ केरळात दिसतो. तिथल्या जांभ्या दगडातल्या भूजलात मागूर कुलातला, बोटाच्या दोन पेरांएवढा, रक्तासारखा लाल मासा राहतो. विहीर उपसताना तो बादलीत येतो, कधी नळातूनही पडतो. १९५० मध्ये ए. जी. के. मेनन यांनी कोट्टायमच्या माशाला ‘होराग्लॅनिस कृष्णाई’ म्हटलं. प्रजातीच्या नावात सुंदरलाल होरा आहेत. २००४ आणि २०१२ मध्ये आणखी दोन जातींची भर पडली. २०२३ मध्ये राजीव राघवन, पुण्याच्या आयसरमध्ये संशोधन केलेले नीलेश दहाणूकर आणि सहकाऱ्यांनी चौथी जात नोंदवली. हे मासे दिसायला जवळजवळ सारखे, पण जनुकीय अंतर मोठं. अमेरिकेतही तेच झालं होतं. ओहायो नदीच्या उत्तरेकडचा ‘अँब्लिऑप्सिस’ वेगळा आहे, हे कळून त्याला ‘हूझिएरी’ नाव मिळायला २०१४ साल उजाडलं.

मग मेक्सिकोत नावं कमी करायची आणि केरळात वाढवायची, हा दुटप्पीपणा नाही का? नाही. दोन्हीकडे कसोटी एकच आहे: वंश एकमेकांत मिसळतात की फार पूर्वीच तुटले? मेक्सिकोतले निराळे दिसतात पण मिसळतात, केरळातले सारखे दिसतात पण दुरावलेले आहेत. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर नाव ठेवून सामान्य माणसाला काय मिळणार, हा प्रश्न उरतोच. त्याला केरळच्या विहीरमालकांनीच उत्तर दिलं आहे. संशोधकांना स्वतःहून मासे आणून देणारे तेच होते आणि त्यांच्या सन्मानार्थ चौथ्या जातीचं नाव ‘पॉप्युली’, म्हणजे लोकांची, असं ठेवलं गेलं. जांभ्यातल्या विहिरी कोकणातही आहेत. तिथे विहीर उपसताना बादलीत एखादा लाल, बिनडोळ्यांचा मासा दिसलाच तर फेकू नका, फोटो काढा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा.