काकांचा नंबर : कर्जत-खालापूरच्या कॉर्डलेस फोनमधला इतिहास

🧵 १/
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी डोळ्यांसमोर येतात. कर्जत, नेरळ, खोपोलीच्या कित्येक घरांत असेच एक साधन अडगळीत पडले आहे : कॉर्डलेस फोनचा हँडसेट. त्याच्या मेमरीतील आकड्यांत या परिसराचे मुंबईशी असलेले नाते कोरलेले आहे.

२/
भोर घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत रेल्वे आली ती १८५६ मध्ये. पुढे कर्जत व खोपोली मुंबईच्या लोकलशी जोडली गेली. टेलिफोनचा नकाशा मात्र निराळा. मुंबई ०२२, माथेरानसह कर्जत ०२१४८, खोपोली-खालापूर ०२१९२. रोज पासावर मुंबईला जाणाऱ्याला तिथे फोन करायचा, तर तो एसटीडी ठरे.

३/
मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले १८८२ मध्ये. ग्रामीण भागात फोन पसरला तो त्यानंतर शंभर वर्षांनी. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटच्या स्वदेशी एक्स्चेंजांचा त्यात मोठा वाटा होता. त्यापूर्वी परगावी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवायचा आणि वाट पाहायची.

४/
एसटीडी आल्याने वाट पाहणे संपले, पण लांबलचक नंबर फिरवणे आले. तो भार कॉर्डलेसच्या मेमरीने उचलला. फोनशेजारच्या वहीतील नंबर एकेक करून हँडसेटमध्ये गेले. हे काम बहुधा घरातील शाळकरी मुलांकडे येई.

५/
कारण नावे रोमन लिपीत लिहावी लागत. ‘काका’ लिहायला ५ ची कळ दोनदा, २ ची एकदा, पुन्हा ५ दोनदा, २ एकदा. ‘मामा’ चार दाबांत उरकत. काका दोन असले की दादरचे कोणते नि पुण्याचे कोणते, हेही लिहावे लागे. घरातील नातेसंबंधांची ही एक यादीच तयार झाली.

६/
समजा, काका दादरला राहतात. आरंभी त्यांचा नंबर ०२२ आणि पुढे सात आकडे असा साठवला. २००२-०३ च्या सुमारास देशभर लँडलाइन नंबरांच्या आधी २ लागला. मुंबईचे सात आकडे आठ झाले, कर्जत-खोपोलीचे पाच आकडे सहा झाले. वहीत एक २ वाढवला की काम भागे. मेमरीत प्रत्येक नोंद उघडून दुरुस्त करावी लागे.

७/
त्याच दशकात जवळच्या एसटीडीसाठी ९५ ची सोय आली. संकेतांकाचा शून्य वगळून आधी ९५ लावायचे, म्हणजे कॉल स्वस्त पडे. कर्जतहून काकांना ९५२२, काकांकडून कर्जतला ९५२१४८. काही वर्षांनी ही सोयही गेली आणि पुन्हा शून्य आला. काका मात्र दादरच्या त्याच घरात!

८/
आता विजेचे पाहू. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. त्याच तालुक्यात पावसाळ्यात वीज गेली की कॉर्डलेस मुका होई. साधा तारेचा फोन चालू राही. त्याला लागणारी सुमारे ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांकडून तारेतूनच येते. हँडसेटची बॅटरी उतरली की साठवलेले नंबरही हाताशी राहत नसत. म्हणून शहाणी घरे वही टाकून देत नसत.

९/
शेवटचा मोठा बदल १५ जानेवारी २०२१ चा. लँडलाइनवरून कोणत्याही मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. मोबाइलसाठी सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे व्हावेत, हा हेतू. पण मेमरीत शून्याविना साठवलेले मोबाइल नंबर त्या दिवसापासून लागेनासे झाले.

१०/
ज्या घरातील मुले शिक्षण-नोकरीसाठी बाहेर गेली होती, तिथे तो शून्य लावणार कोण? वृद्ध आई-वडिलांना मुलाच्या नावाची कळ दाबली की ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येई. पुष्कळांनी पुन्हा वही उघडली.

११/
यातून काय दिसते? फोनमध्ये आपण माणसाचे नाव साठवतो, पण यंत्र साठवते त्या माणसापर्यंत जाण्याचा त्या दिवशीचा रस्ता. रस्ता बदलला की नोंद जुनी होते. म्हणूनच ती इतिहासकाराच्या उपयोगाची : पाच आकडी नंबर २००२-०३ पूर्वीचा, ९५ असलेला त्यानंतरचा. नाण्यावरील राजाच्या नावावरून काळ ठरवावा, तसेच हे.

१२/
घरातील जुना हँडसेट भंगारात देण्यापूर्वी एकदा चार्ज करून पाहा. यादी वहीत उतरवा. कोणाचे नंबर दुरुस्त झाले, कोणाचे तसेच राहिले, हे आजी-आजोबांना विचारून नोंदवा. नंबर समाजमाध्यमांवर टाकू नका. मात्र त्यामागची गोष्ट खाली जरूर लिहा.