पितळखोऱ्याचा गिरिविहार आणि त्याचे दाते

बौद्ध भिक्षूंनी निवासासाठी दुर्गम गिरिकंदरे निवडली, ती जगाशी संबंध तोडण्यासाठीच, असा समज सामान्यतः आढळतो. मराठवाड्यातील अवशेष मात्र या समजास पुष्टी देत नाहीत.

लातूरच्या पश्चिमेस तेरणाकाठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर होय. तेथील विटांचा चैत्य, जो पुढे त्रिविक्रमाचे मंदिर झाला, भर वस्तीत उभा आहे. याउलट पितळखोऱ्याची लेणी कन्नडजवळ सातमाळा डोंगरात, एका खोल घळीच्या कड्यात कोरलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या शतकांत आरंभ झालेल्या या विहाराइतके एकांत स्थळ क्वचितच आढळेल. तरीही त्याच्या भिंती-स्तंभांवरील ब्राह्मी लेख वाचले असता नगरीचाच गजबजाट कानी येतो. चैत्यगृहाच्या स्तंभासाठी दान देणारा मितदेव हा पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी, कुळातील होता. विहारातील दात्यांत मगिल नावाचा राजवैद्य आहे, त्याची मुलेही आहेत. येथे सापडलेल्या हसतमुख यक्षाच्या हातावर तो घडविणाऱ्या कण्हदास नामक सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे.

हे दाते डोंगरापर्यंत कसे पोहोचले? ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार पैठण व तगर येथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. हा माल उत्तरेकडे नेताना सातमाळ्याची रांग ओलांडणे अपरिहार्य होते. पितळखोरे अशाच एका घाटवाटेच्या परिसरात असल्याचे अभ्यासक मानतात. शिवाय विनयाच्या नियमानुसार भिक्षूने भिक्षेवर निर्वाह करावयाचा असल्याने, वस्तीपासून फार दूर राहणे त्यास शक्यच नव्हते.

तात्पर्य, डोंगराने संघास एकांत दिला व वाटेने अन्न दिले. नऊ हत्तींनी मंडित जोते, पावसाचे पाणी फण्यांतून सोडणारा पाषाणनाग आणि पाचव्या शतकाच्या सुमारास पुनश्च रंगविलेली भित्तिचित्रे या दोहोंच्या संयोगाचीच फळे होत. विरक्तांचा विहार संसारी माणसांच्या श्रमावर उभा होता, हे मान्य केल्याने भिक्षूंच्या वैराग्यास उणेपणा येत नाही. मात्र ज्यांची नावे लेखांत आली नाहीत, त्या गाडीवानांचे व पाथरवटांचे ऋण स्पष्ट होते. लेण्यांचा इतिहास घाटवाटांच्या इतिहासावाचून अपुराच राहील.