युद्धकालीन बाह्यसंस्करण, रिव्हॉल्व्हरचे
युद्धकालीन बाह्यसंस्करण, रिव्हॉल्व्हरचे : दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी रिव्हॉल्व्हरच्या पृष्ठभागावर केलेले किमान संस्करण. अशा नव्या शस्त्रांवर यंत्रहत्यारांच्या खुणा व ओरखडे उघड दिसत. हे दोष दर्शनी असून शस्त्राच्या बळकटीशी त्यांचा संबंध नव्हता.

युद्धापूर्वी रिव्हॉल्व्हरचा सांगाडा व नळी अपघर्षकांनी टप्प्याटप्प्याने घासून गुळगुळीत करीत आणि नंतर पोलादावर निळसर काळा ऑक्साइडाचा थर देत. हा थर अतिशय पातळ असल्याने त्याखालच्या खुणा झाकल्या जात नाहीत. म्हणून उत्तम झळाळी ही मुख्यतः कुशल कारागिराच्या श्रमांवर अवलंबून असे. युद्धकाळात या श्रमांतच काटकसर करण्यात आली.

ब्रिटिश सैन्याने १९३२ मध्ये एन्फील्ड शस्त्रशाळेचे ०·३८ इंची रिव्हॉल्व्हर स्वीकारले होते. युद्धकाळात ते अपुरे पडू लागल्याने बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या कंपनीचे ‘मार्क ४’ रिव्हॉल्व्हरही घेण्यात आले. ओबडधोबड रूपामुळे आपल्या नावलौकिकास बाधा येऊ नये, म्हणून कंपनीने अशा शस्त्रांवर ‘वॉर फिनिश’ ही अक्षरे ठोकली. दोष लपविण्याऐवजी त्याचे कारण शस्त्रावरच नोंदविण्याचा हा प्रकार उल्लेखनीय होय.

दर्शनी दोषाकडे दुर्लक्ष करता येण्यामागे चाचणीची जुनी परंपरा होती. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. तेथे नेहमीपेक्षा अधिक दाबाचा बार उडवून नळी व काडतूसकोठी तपासतात आणि उत्तीर्ण शस्त्रावर मुद्रा उमटवितात. ही मुद्रा बळकटीची साक्ष देते, सौंदर्याची नव्हे.

मात्र खरा दोष डोळ्यांना दिसेलच असे नसते. अमेरिकेच्या स्मिथ अँड वेसन कंपनीच्या ‘व्हिक्टरी’ रिव्हॉल्व्हरला चकचकीत निळाईऐवजी निस्तेज फॉस्फेट लेप व साध्या लाकडी मुठी असत. त्याबद्दल फारशी चिंता नव्हती. परंतु १९४४ च्या अखेरीस असे एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या डेकवर पडून गोळी सुटली व एक नौसैनिक मृत्युमुखी पडला. आधीचा सुरक्षा-अडसर अपुरा असल्याचे त्यातून उघड झाले. तेव्हा हातोडीला रोखून धरणारा नव्या रचनेचा अडसर बसविण्यात आला आणि अशा शस्त्रांच्या अनुक्रमांकातील ‘व्ही’ या अक्षरामागे ‘एस’ जोडण्यात आले.

ऐतिहासिक संग्रहांत या खुणांना आता पुराव्याचे मोल आहे. त्या घासून नवी निळाई दिल्यास शस्त्र देखणे होते. परंतु ते कोणत्या परिस्थितीत घडले, हे सांगणारी नोंद कायमची पुसली जाते.