सोसाट्याच्या वाऱ्यातील गोल्फ : फटक्याचे गणित, नियम आणि नशिबाचा वाटा

बंगळुरू : आग्नेय बंगळुरूतील सर्जापूर रोडच्या कोरमंगल टोकापासून काही किलोमीटर अंतरावर कर्नाटक गोल्फ असोसिएशनचे १८ होलचे मैदान आहे. ऑलिंपिकपटू अदिती अशोक यांनी येथेच या खेळाचे धडे गिरवले. मैदानाची आखणी ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी केली. सागरी वाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रिटिश ओपन स्पर्धा त्यांनी पाच वेळा जिंकली होती. बंगळुरूला समुद्र नाही. परंतु जून ते ऑगस्ट या काळात शहरावरून वाहणारे पश्चिमेकडील मोसमी वारे आणि एप्रिल-मेमधील वळवाची वादळे येथील खेळाडूंचीही परीक्षा पाहतात.

समोरचा वारा अधिक घातक का?

फटका बसताच गोल्फचा चेंडू उलट दिशेने गिरक्या घेऊ लागतो. या फिरकीमुळे आणि पृष्ठभागावरील खळग्यांमुळे त्याला उचल मिळते. वारा समोरून आला की उचल व अवरोध दोन्ही वाढतात. चेंडू उंच चढतो आणि अलीकडेच पडतो. पाठीमागून वाहणारा वारा अवरोध घटवतो, पण उचलही कमी करतो. त्यामुळे समोरच्या वाऱ्याने होणारा तोटा पाठीमागच्या वाऱ्याच्या लाभातून भरून निघत नाही.

खेळाडूंमध्ये रूढ असलेल्या ठोकताळ्यानुसार, ताशी १६ किलोमीटर वेगाच्या समोरच्या वाऱ्यात १५० मीटरचा फटका १६५ मीटरचा समजून खेळावा; तेवढाच वारा पाठीमागून असल्यास तो सुमारे १४२ मीटरचा धरावा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने विरळ हवेत चेंडू मुळातच काहीसा दूर जातो. मुंबईहून येणाऱ्या खेळाडूला हा हिशेबही करावा लागतो.

जोर नव्हे, संयम

वाऱ्याविरुद्ध अधिक जोराने फटका मारणे ही सर्वांत सामान्य चूक होय. जोर वाढला की फिरकी वाढते आणि चेंडू आणखी वर चढतो. त्याऐवजी एक-दोन क्रमांक लांब पल्ल्याचा क्लब घेऊन, चेंडू मागच्या पायाकडे थोडा सरकवून, संथ आणि आखूड स्विंगने तो जमिनीलगत ठेवणे श्रेयस्कर ठरते. ग्रीनवर पाय अधिक फाकवून उभे राहिल्यास शरीराचा तोल टिकतो.

नियम काय सांगतात?

थांबलेला चेंडू वाऱ्याने हलला तर दंड होत नाही. तो नव्या जागेवरून खेळावा लागतो. ग्रीनवर मात्र अपवाद आहे. चेंडू एकदा उचलून पुन्हा ठेवल्यानंतर वाऱ्याने सरकला, तर तो मूळ जागी ठेवावा लागतो. २०१९च्या नियम-सुधारणेत ही तरतूद करण्यात आली. केवळ वारा जोराचा आहे म्हणून खेळाडूला स्वतःहून खेळ थांबवता येत नाही. तो अधिकार स्पर्धा समितीचा असतो. विजेचा धोका वाटल्यास मात्र खेळाडू स्वतः थांबू शकतो.

समितीपुढील पेच

चेंडू ग्रीनवर स्थिर राहीनासा झाला की समितीला निर्णय घ्यावाच लागतो. १८ जुलै २०१५ रोजी सेंट अँड्र्यूज येथे ब्रिटिश ओपनचा खेळ याच कारणाने सुमारे साडेदहा तास थांबला आणि स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. मात्र खेळ सुरूच राहिला, तर कोणाला कोणत्या वेळी मैदानात उतरावे लागले, यावर बरेच काही अवलंबून असते. २००२मध्ये म्युअरफील्ड येथे टायगर वुड्स यांना तिसऱ्या फेरीत वादळी वारा व पावसात ८१ फटके लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ६५ फटक्यांत फेरी पूर्ण केली. त्या वर्षी मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकलेल्या वुड्स यांचे चारही प्रमुख स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्याचे स्वप्न तेथेच संपले. हा असमतोल कमी व्हावा म्हणून मोठ्या स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक गटाला एकदा सकाळची आणि एकदा दुपारची वेळ दिली जाते.

पुण्यात जन्मलेले अनिर्बान लाहिरी यांनी मार्च २०२२मध्ये फ्लोरिडातील प्लेअर्स चॅम्पियनशिपमध्ये अशाच हवामानाला तोंड दिले. पाऊस आणि सोसाट्याच्या वाऱ्यामुळे सोमवारपर्यंत लांबलेल्या या स्पर्धेत ते कॅमेरॉन स्मिथ यांच्यापेक्षा अवघ्या एका फटक्याने मागे राहून उपविजेते ठरले.