वहीतला पावशेर आणि मोबाइलमधलं ॲप

आजचा भाग ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या स्वयंपाकघरांतून येणाऱ्या एका प्रश्नावर आहे. आजीची वही जीर्ण झालीय, कपाटात पाककृतींची पाच-सहा पुस्तकं आहेत, फोनमध्ये शेकडो फोटो आणि फॉरवर्ड आहेत. हे सगळं एका जागी लावायला कुठलं ॲप घ्यावं?

उत्तरासाठी जरा मागे जाऊ. पाककृती लिहून ठेवण्याची मराठी परंपरा जुनी आहे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या हस्तलिखितात उतरवले गेले आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे ते टिकले. 1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ आलं. हजार पाककृती म्हटलं की त्या लावायच्या कशा, हा प्रश्न आलाच. तो प्रकरणं आणि अनुक्रमणिकेनं सुटायचा.

मग 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यातलं माप वाटी-चमच्याचं. आज आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही, पण त्याआधी काय होतं ते बघा. जुन्या वह्यांत शेर, पावशेर, तोळा, पैशाभार असे शब्द सापडतात. मुंबईकडचा वजनाचा शेर साधारण 28 तोळ्यांचा, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. बंगाली शेर 80 तोळ्यांचा, म्हणजे जवळजवळ 933 ग्रॅम. शिवाय धान्य मापायचा शेर वेगळाच, चार शेरांची एक पायली. 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली आणि हळूहळू ‘पावशेर’ म्हणजे पाव किलो असंच आपण धरायला लागलो. आता आजीच्या वहीतला पावशेर मुंबईचा असेल, तर तो जेमतेम 80-82 ग्रॅम! ॲपमध्ये कोणी सरळ 250 ग्रॅम टाकले, तर पदार्थ बिघडणारच, आणि वर आपण म्हणणार, आजीच्या हाताची चव काही येत नाही.

आता यंत्रांकडे येऊ. ‘रुचिरा’च्या एकच वर्ष आधी, 1969 मध्ये, अमेरिकेत नीमन मार्कस या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये हनीवेल कंपनीचा ‘किचन कॉम्प्युटर’ झळकला. किंमत 10,600 डॉलर. पाककृती साठवायच्या, पण त्या आत घालायच्या बटणांच्या संकेतांनी, आणि उत्तर वाचायचं लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून. हे यंत्र कुणा गृहिणीनं विकत घेतल्याची नोंद नाही. वाटी-चमचा मात्र घरोघर पोचला. साधन किती हुशार, यापेक्षा ते वापरणाऱ्याच्या हाताला बसतं का, हे महत्त्वाचं ठरलं.

पुढची अडचण लिपीची. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण ते घरच्या संगणकावर रुळायला बरीच वर्षं गेली. तोवर वेगवेगळ्या फॉन्टांत टाइप केलेल्या फायली, तो फॉन्ट नसला की निव्वळ अगम्य अक्षरं. म्हणजे 1910 चं पुस्तक आज वाचता येतं, पण पंचवीस वर्षांपूर्वीची फाइल येईलच असं नाही.

आणि ॲपं? ती बंदही पडतात. ‘एव्हरनोट फूड’ 2015 मध्ये थांबलं. ‘यमली’सारखं मोठं नाव 2024 च्या अखेरीस बंद झालं. ऑर्कुट 2014 मध्ये गेलं, आणि पुढे तिथल्या गप्पांसोबत लोकांनी लिहिलेल्या पाककृतीही गेल्या.

मग निवडायचं कसं? इतिहासानं दिलेल्या तीन कसोट्या सांगतो. पहिली: आपला सगळा मजकूर साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतो का? येत नसेल, तर कितीही देखणं असो, नको. दुसरी: मूळ पानाचा फोटो पाककृतीसोबत ठेवता येतो का? ‘पावशेर’ खोडू नका. तो तसाच ठेवून शेजारी आपलं माप लिहा. तिसरी: मराठीत शोध नीट होतो का? ‘थालीपीठ’ लिहिलं तर ‘थालिपीठ’ सापडतं का, ‘बिरडं’ आणि ‘बिरडे’ दोन्ही मिळतात का, हे पाच-दहा पाककृती टाकून आधीच करून बघा.

आपल्या भागाला एक कसोटी आणखी आहे. 1854 साली रेल्वे कल्याणला पोचली, आणि पुढे लोकलच्या आधारानं कोकण, देश, खानदेशातून माणसं इथे येऊन वसली. त्यांच्या शेजारी इथल्या मूळच्या आगरी-कोळ्यांचं जेवण, ठाण्यातल्या सीकेपी घरांतलं वालाचं बिरडं आणि निनावं. यातलं कितीतरी कधी लिहिलंच गेलेलं नाही. ते ‘अंदाजानं’ घातलेल्या मसाल्यात आहे. त्यामुळे ॲपमध्ये आवाज ठेवायची सोय असेल तर उत्तम, नसेल तर साधं रेकॉर्डिंग करून वेगळं जपा. बोलणारी माणसं आहेत तोवरच हे काम होणार आहे.

आणि हो, वर्षातून एकदा सगळ्याची कागदावर प्रत काढा. तंजावरची वही कागदावरच आपल्यापर्यंत आली, बरं का. भेटू पुढच्या भागात.