इंधन टाकीचे वायुछिद्र, विमानाच्या
टाकीतील इंधन उतरेल तसतशी बाहेरची हवा आत यावी म्हणून ठेवलेले छिद्र. ते बुजल्यास टाकीतील दाब घटून इंधनाचा प्रवाह खुंटतो व एंजिन बंद पडू शकते. १९५६ मध्ये विक्रीस आलेल्या सेसना १७२ या छोट्या विमानात ही नळी डाव्या पंखाखाली, आधारदांड्यामागे काढलेली असते. उभ्या विमानाच्या अशा नळीत कुंभारीण माशी चिखलाचे घर करते. जाळीने कीटक अडतो, परंतु तिच्यावर हिम साचू शकते. बूच लावल्यास उड्डाणापूर्वी ते काढण्याचा विसर पडण्याचा धोका, म्हणजे रक्षणाचे साधनच घातक. म्हणून त्यास लाल फीत बांधतात. १९७९ मध्ये अमेरिकेच्या संघीय विमानवाहतूक प्रशासनाने सेसनाच्या अनेक विमानप्रकारांना हवा आत घेणारे झाकण सक्तीचे केले. वैमानिकाच्या स्मरणावर विसंबत नसल्याने हा उपाय अधिक शहाणपणाचा होय. उड्डाणपूर्व तपासणीत वाकून छिद्र पाहण्याचे काम मात्र त्यामुळे टळलेले नाही.